बॉनेट कुणी उघडायचं? खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा इतिहास

(ताज्या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय. अडखळणं आणि मागून येणारे एसटीचे हॉर्न तेवढे काढलेत.)

आजचा भाग खोपटमधून, माझ्या घरून. खिडकी बंद करूनही डेपोचा आवाज येतोच, तेव्हा जरा सांभाळून घ्या. तसा आजच्या विषयाला तो आवाज शोभणाराच आहे.

झालं काय, आमच्या भागात एक छोटी अभ्यासिका आहे. एमपीएससी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा यांची तयारी करणारी मुलं-मुली तिथे येतात. देणगीत आलेले पाच जुने संगणक आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट बंद झाले, विंडोज ११ त्या यंत्रांवर चढत नाही, आणि नवे पाच संगणक घ्यायला पैसे नाहीत. मग ठरलं, लिनक्स टाकायचं. काम माझ्या गळ्यात पडलं. तीन यंत्रं अर्ध्या दिवसात तयार झाली. दोन अडली. पडदा उजळला, पण सगळं इतकं मोठं दिसायला लागलं की प्रश्नपत्रिकेचं अर्धं पानही मावेना. मी तिथल्या काकांना म्हटलं, "काका, ड्रायव्हर मिळत नाहीये." पेपरातून डोकं वर न काढता काका म्हणाले, "का, परत संप?"

खोपटमध्ये ड्रायव्हर म्हटलं की खाकी कपडेच डोळ्यांसमोर येणार, त्यात काकांची चूक नाही. पण त्या दोन यंत्रांच्या कार्डांची कंपनी (नाव घेत नाही, गरजही नाही) त्यांच्यासाठी ड्रायव्हर काढायचं काही वर्षांपूर्वीच थांबली होती. शेवटचा ड्रायव्हर होता, तो नव्या लिनक्सवर चढेना. कार्ड ठणठणीत, पंखा फिरतोय, आणि तरी यंत्र भंगारात काढायची वेळ. का? तर त्या कार्डाशी कसं बोलायचं हे सांगणारा कागद एकाच कपाटात बंद होता.

आज त्या कपाटाचा इतिहास सांगते.

ड्रायव्हर नेमकं करतो काय?

एसटी महामंडळ वर्षानुवर्षं कंपनीकडून चासी विकत घेऊन दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या आपल्या कार्यशाळांत बसची बॉडी बांधत आलंय. इंजिन बिघडलं तर डेपोतला मेकॅनिक बॉनेट उघडतो. आता अशी कल्पना करा की बॉनेट वेल्डिंग करून टाकलंय, आणि कंपनी म्हणते, "काही झालं तर आमच्याकडे या. दहा वर्षांनी मात्र येऊ नका."

ग्राफिक्स कार्डाच्या चिपमध्ये हजारो छोटे कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. अमुक कप्प्यात अमुक आकडा लिहिला की पडद्याचा आकार बदलतो, तमुक कप्प्यात लिहिला की चिपचा वेग वाढतो. कुठल्या कप्प्याचं काय काम, हे कागदावर लिहिलेलं नसेल तर चिप म्हणजे मुका दगड.

लिनक्समध्ये या ड्रायव्हरचे दोन भाग असतात. एक कर्नलमध्ये राहतो: स्मृती वाटून देणं, आज्ञांची रांग लावणं, पडद्याचा आकार ठरवणं ही त्याची कामं. दुसरा वर राहतो आणि बहुतेक वेळा 'मेसा' नावाच्या प्रकल्पाचा भाग असतो. खेळ, ब्राउझर, नकाशे जे काही चित्र मागतात, त्याचं भाषांतर तो त्या चिपच्या स्वतःच्या भाषेत करतो. म्हणजे एक डेपो मॅनेजर आणि एक दुभाष्या. दोघांनाही तो कागद लागतो.

आधी आपल्या घरचं

पडद्यावर काय उमटेल हे कोण ठरवणार, हा प्रश्न मराठी माणसाला फार लवकर टोचला. १९८० च्या दशकातल्या पीसीवर अक्षरांचे आकार डिस्प्ले कार्डाच्या चिपमध्येच कोरलेले असत. जागा २५६ आकारांची, आणि तीही रोमन लिपी धरून. 'स्त्री' किंवा 'ज्ञानेश्वर' लिहायचं तर जोडाक्षर बसणार कुठे?

यावरचं उत्तर आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि पुण्यात मोठं झालं. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानपूरला देवनागरी संगणकावर काम केलं. १९८८ मध्ये पुण्यात सीडॅकची स्थापना झाली आणि ते काम तिथे 'जिस्ट' या नावाने वाढलं. ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी, हे त्याचं पूर्ण नाव. जिस्ट कार्ड पीसीमध्ये खोचलं की डॉसवरचे साधे प्रोग्रॅमसुद्धा देवनागरीत चालायचे. प्रोग्रॅमला पत्ता नसायचा. अक्षरं जोडायचं काम कार्ड करायचं. बहुतेक भारतीय लिप्यांना एकच संकेत देणारी इस्की पद्धत १९९१ मध्ये भारतीय मानक झाली, तिच्यामागेही हेच काम होतं.

हे काम अव्वल होतं. पण आपलं अक्षर दिसावं म्हणून एक वेगळं कार्ड विकत घ्यावं लागत होतं, आणि त्या कार्डाचं आयुष्य डॉसशी बांधलेलं होतं. डॉस गेलं, विंडोज आलं, आणि ते कार्ड निरुपयोगी झालं.

पुढे मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेने (ती नंतर सीडॅकमध्येच विलीन झाली) वेगळी वाट धरली. त्यांच्या 'इंडिक्स' प्रकल्पाने लिनक्सवर चित्र काढणाऱ्या एक्स विंडो या व्यवस्थेतच भारतीय लिप्यांची सोय केली. वेगळं कार्ड नको, कुणाची परवानगी नको. एक्सचा कोड उघडा होता, म्हणून जुहूत बसून हे जमलं. हा फरक लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट याच फरकावर उभी आहे.

एका माणसाचा छंद

१९९३ चा ऑगस्ट. ब्रायन पॉल नावाचा अमेरिकी तरुण फावल्या वेळात एक प्रोग्रॅम लिहायला बसला. त्या काळी त्रिमिती चित्रांची राजेशाही सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीकडे होती. ओपनजीएल ही त्यांचीच पद्धत, आणि ती चालवायला महागडी यंत्रं लागायची. पॉलने तीच पद्धत साध्या संगणकावर, कार्डाशिवाय, नुसत्या प्रोसेसरच्या जोरावर चालवून दाखवली. मग त्याने काय करावं? लपूनछपून वाटण्याऐवजी नोव्हेंबर १९९४ मध्ये त्याने कंपनीलाच परवानगी मागितली. वकिलांशी बोलणी झाली, होकार मिळाला, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये 'मेसा १.०' इंटरनेटवर आलं.

वेग बेताचाच होता. पण त्याच सांगाड्यावर पुढे खऱ्या कार्डांचे ड्रायव्हर लटकवता आले. आज लिनक्सवरचे जवळजवळ सगळे खुले ग्राफिक्स ड्रायव्हर मेसाच्या छताखाली राहतात. १९९८ च्या सुमारास प्रिसिजन इनसाइट या छोट्या कंपनीने प्रोग्रॅमला कार्डाशी थेट, तरीही सुरक्षितपणे बोलता यावं म्हणून डीआरआय नावाची रचना केली, आणि ती २००० मध्ये एक्सफ्री८६ च्या चौथ्या आवृत्तीत आली. रस्ता बांधून झाला. आता गाड्या हव्या होत्या, म्हणजे कागद हवे होते.

डबा क्रमांक सतरा

काही कंपन्यांनी कागद दिले. काहींनी गोपनीयतेच्या करारावर सही घेऊन दिले. एनव्हिडियाने तिसराच मार्ग काढला. लिनक्ससाठी 'एनव्ही' नावाचा एक अगदी साधा ड्रायव्हर दिला, उघड्या कोडसह. पण त्यात रजिस्टरांची नावं काढून नुसते आकडे ठेवले होते. समजा आजीने आमटीची कृती लिहून दिली, पण हळद, मीठ, गोडा मसाला असं न लिहिता 'डबा क्रमांक १७ मधून दोन चमचे' असं लिहिलं. आमटी होईल. पण उद्या तुम्हाला भाजी करायची असेल तर?

पूर्ण ताकदीचा ड्रायव्हर कंपनीने दिला तो बंद डब्यात. चालायचा चांगला, हे मान्य करायला हवं. पण कर्नल बदललं की कंपनीची वाट बघत बसायचं.

२००५ च्या सुमारास स्तेफान मार्शेसाँ या फ्रेंच तरुणाने त्या आकड्यांना नावं द्यायला सुरुवात केली. गप्पा मारताना 'एनव्ही' टाइप केलं की त्याचा चॅट प्रोग्रॅम आपोआप 'नुवो' करायचा. फ्रेंचमध्ये नुवो म्हणजे नवा. तेच प्रकल्पाचं नाव पडलं.

यांची काम करायची पद्धत मला फार आवडते. बॉनेट उघडत नाही ना? मग बाहेरून ऐका. कंपनीचा बंद ड्रायव्हर चालू करायचा आणि तो कुठल्या कप्प्यात कधी कुठला आकडा लिहितो, त्याची नोंद ठेवायची. त्यासाठी 'एमएमआयओट्रेस' नावाचं साधन तयार झालं, ते २००८ मध्ये लिनक्स कर्नलमध्येच आलं. दुसरं साधन होतं 'रीनुवो': पडद्यावर एकच छोटी आकृती काढायची, आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून बघायचे. जगभरातल्या लोकांनी आपापल्या कार्डांवर ते चालवून नोंदी पाठवल्या. त्यासाठी प्रोग्रॅमर असायची गरज नव्हती. कार्ड असलं की झालं.

मला विचारतात, "हे कायदेशीर आहे का?" आपल्या भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने याची तरतूद आहे. प्रोग्रॅम तुमच्याकडे रीतसर आलेला असेल, स्वतंत्रपणे लिहिलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमशी तो जुळवून घेण्यासाठी माहिती हवी असेल, आणि ती सहज मिळत नसेल, तर ती काढण्यासाठी आवश्यक ते करणं हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही.

पाच वर्षांच्या खटपटीनंतर, फेब्रुवारी २०१० मध्ये, नुवो लिनक्स २.६.३३ सोबत मुख्य कर्नलमध्ये दाखल झाला.

एका कंपनीने कपाट उघडलं

दुसरीकडे एटीआय. तिच्या आर३०० कार्डांचा ड्रायव्हरही बाहेरच्यांनी असाच ऐकून ऐकून लिहिला होता. २००६ मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये जाहीर केलं की कागद देऊ, तेही गोपनीयतेच्या कराराशिवाय. इंटेल तोवर आपल्या चिपांचे ड्रायव्हर उघड्यावरच लिहू लागली होती.

कपाट उघडल्यावर काय झालं ते बघा. २०१६ मध्ये डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन या दोघांनी एएमडीच्या कार्डांसाठी व्हल्कन या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर लिहिला. नाव 'आरएडीव्ही'. दोघंही एएमडीचे नोकर नव्हते. कंपनीने स्वतःचा व्हल्कन ड्रायव्हर कबूल केला होता, पण त्याचा कोड यायला उशीर होत होता. हे थांबले नाहीत. पुढे खेळांच्या कंपन्यांनी, विशेषतः व्हॉल्वने, आरएडीव्हीवर माणसं लावली. शेवट असा की सप्टेंबर २०२५ मध्ये एएमडीने आपला खुला व्हल्कन ड्रायव्हर बंद केला आणि बाहेरच्यांनी सुरू केलेल्या आरएडीव्हीलाच आपला मानलं. चाळीतल्या पोरांनी काढलेला गणपती पुढे वॉर्डाचा व्हावा, तसं.

आणि जुन्या कार्डांचं? २०१२ च्या आसपास बाजारात आलेल्या एएमडी कार्डांना नव्या ड्रायव्हरवर आणायचं काम २०२५ मध्ये झालं. तेरा वर्षांचं जुनं कार्ड, कंपनीला त्यातून एक पैसा मिळणार नाही, आणि तरी ते सुधारलं. कारण ज्याला गरज वाटली त्याला बॉनेट उघडता आलं.

२०१२ ची भांडणं

या इतिहासात एका भारतीयाचं नाव महत्त्वाचं आहे, सुमित सेमवाल. फोनमध्ये कॅमेरा, व्हिडिओ उलगडणारी चिप आणि ग्राफिक्स चिप वेगवेगळ्या असतात. कॅमेऱ्यातलं चित्र पडद्यावर जाईपर्यंत दर टप्प्याला त्याची नक्कल करायची तर वेळही जातो आणि बॅटरीही. सेमवाल यांच्या 'डीएमए-बफ'ने या सगळ्यांना एकाच स्मृतीतला तोच तुकडा वापरायची सोय करून दिली. मार्च २०१२ च्या लिनक्स ३.३ मध्ये ती आली, आणि आज अँड्रॉइड फोनांतही ती आहे.

त्यावरून भांडण पेटलं. ही सोय कर्नलने फक्त जीपीएल परवान्याच्या ड्रायव्हरांना खुली ठेवली होती. एनव्हिडियाला आपल्या बंद ड्रायव्हरसाठी ती हवी होती, म्हणून त्यांनी ती अट सैल करायला सांगितलं. ॲलन कॉक्ससारख्या जुन्या कर्नलकारांनी नकार दिला: हा कोड आम्ही ज्या अटीवर लिहिला, ती अट तुमच्यासाठी का मोडावी? त्याच वर्षी जूनमध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरव्हाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं. तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. मला विचाराल तर त्या बोटापेक्षा सेमवाल यांच्या कोडवरून झालेला तो शांत नकार जास्त वजनदार होता.

कपाट थोडं उघडलं, आतलं कुलूप राहिलं

मग नुवो जिंकला का? नाही. २०१४ नंतरच्या एनव्हिडिया कार्डांना कंपनीच्या सहीचं फर्मवेअर लागायला लागलं. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आतच चालणारा प्रोग्रॅम. सही नसेल तर चिपचा वेग वाढवता येत नाही. म्हणजे बॉनेट कसंबसं उघडलं, पण गाडी पहिल्या गिअरमध्येच अडकली. वर्षं गेली.

११ मे २०२२ ला एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. बातमी मोठी होती, पण बारकावा महत्त्वाचा: बरंच काम आता चिपच्या आतल्या फर्मवेअरमध्ये गेलंय, आणि ते बंदच आहे. वरचा दुभाष्याही बंद. पण खालचा रस्ता दिसू लागल्यावर बाहेरच्यांनी मेसामध्ये 'एनव्हीके' नावाचा नवा दुभाष्या लिहिला, आणि नव्या कार्डांना पूर्ण वेग मिळायला लागला. पुण्यात या कंपनीचं केंद्र आहे, आपल्यातली कितीतरी मुलं-मुली अशा कंपन्यांत जातात. त्यांचं शहाणपण कपाटात राहायचं की बाहेर यायचं, हा प्रश्न म्हणून आपलाही आहे.

गंमत म्हणजे नुवो अनेक वर्षं सांभाळणारे बेन स्केग्ज २०२३ मध्ये त्या जबाबदारीतून बाहेर पडले, आणि पुढच्या वर्षी एनव्हिडियातच रुजू होऊन तिथून नुवोसाठी कोड पाठवू लागले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खुला ड्रायव्हर अमर नसतो. मेसाने २२.० या आवृत्तीत खूप जुन्या कार्डांचे ड्रायव्हर मुख्य कोडमधून काढले, कारण ते सांभाळायला माणसं उरली नव्हती. पण जाळले नाहीत, 'अँबर' नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवले. ज्याला हवं त्याने आजही तो कोड घ्यावा, बांधावा, चालवावा. बंद ड्रायव्हरच्या नशिबी हे नसतं.

परत अभ्यासिकेत

आता त्या दोन यंत्रांचं सांगते. बाहेरच्यांनी लिहिलेला ड्रायव्हर लावल्यावर पडदा नीट आला. मुलं खूश. पण एका यंत्रावर दर थोड्या वेळाने चित्र गोठायचं. जुन्या कर्नलवर तसं होत नव्हतं. म्हणजे मधल्या कुठल्यातरी बदलाने घोळ केला होता.

इथे एक जुनी युक्ती कामी येते. मधल्या सगळ्या बदलांचा बरोबर मध्य घ्यायचा, तिथला कर्नल बांधायचा, चालवून बघायचा. गोठलं तर दोष पहिल्या अर्ध्यात, नाही गोठलं तर दुसऱ्या. मग उरलेल्याचा अर्धा. हजार बदल असले तरी दहा फेऱ्यांत तुम्ही एका बदलावर येता. कोड समजला नाही तरी चालतो, चिकाटी लागते. एकेक बांधणी तासाभराची. दोन रविवार गेले, चहा किती झाला ते काकांना विचारा.

सापडला. मी तो कळवला. तीन दिवसांनी अनोळखी माणसाचं उत्तर आलं, सोबत चार ओळींचा बदल: हे लावून बघाल का? लावलं. रात्रभर यंत्र चालू ठेवलं. गोठलं नाही. तो बदल पुढे मुख्य कोडमध्ये गेला आणि खाली 'चाचणी केली' म्हणून माझं नाव लागलं. मी ड्रायव्हरची एक ओळही लिहिली नव्हती. कोड उघडा असल्यामुळे मला फक्त बिघाड दाखवता आला, आणि ज्याला कळतं त्याला तो दुरुस्त करता आला.

ज्यांना यात उतरायचंय त्यांच्यासाठी दोन शब्द. कार्ड नसलं तरी चालेल. लिनक्समध्ये 'व्हीकेएमएस' नावाचा ड्रायव्हर आहे, तो अस्तित्वात नसलेल्या पडद्याचा ड्रायव्हर आहे; शिकायला आणि तपासायलाच केलाय. मेसा बांधताना सगळे ड्रायव्हर घेऊ नका, हवा तो एकच निवडा, जुन्या लॅपटॉपवरही जमतं. आणि वेगळ्या फोल्डरमध्ये बसवा, चालू व्यवस्थेवर चढवू नका. नाहीतर पडदाच जाईल आणि मदत शोधायलाही दिसणार नाही. हे अनुभवाचे बोल आहेत.

पाचही यंत्रं चालू आहेत. काल गेले तर एक मुलगी त्याच दोषी यंत्रावर जुनी प्रश्नपत्रिका सोडवत होती. काकांनी विचारलं, "आला का तुमचा ड्रायव्हर?" म्हटलं, आला. म्हणाले, "टिकेल का?"

टिकेल, काका. नाही टिकला तर उघडून बघू.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात असं भंगारात निघालेलं यंत्र असेल तर टाकायच्या आधी एकदा लिनक्स लावून बघा, आणि काय झालं ते कळवा. पुढच्या भागात छापखान्यातल्या खिळ्यांपासून युनिकोडपर्यंतची गोष्ट. तोवर, नमस्कार.